डावा पंख

"पाच मिनिटं धर फक्त," बाबा म्हणाले. "उद्या तू गेलीस की मला कोण धरून देणार? तुझ्या आईची बोटं आता वळत नाहीत."

ती दारातच थांबली. लहानपणी हे दार आतून बंद असायचं. हाक मारा, रडा, दारावर धपाधप हात आपटा, आतून एकच उत्तर यायचं : "थांब, डिंक सुकतोय."

तिची छोटी पलीकडच्या खोलीत आत्ताच झोपली होती. आई दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. उंबरा ओलांडून ती आत आली.

खिडकीपाशी विमानाचं पिवळं धड ठेवलं होतं. चाकांच्या जागी दोन लांबट लाकडी होड्या. पाण्यावरून उडायचं, पाण्यावरच उतरायचं. बाबांनी रिमोटची दांडी हलवली, तसं शेपटीचं सुकाणू डावीकडे वळलं, मग उजवीकडे.

"बघ, कसं ऐकतं."

"चला, घरात कुणीतरी तुमचं ऐकतं म्हणायचं. आई तर म्हणते, वीस वर्षं बाळंतपण चाललंय या विमानाचं."

"परवा तळ्यावर सुटका होईल म्हणावं."

ती हसली. हसू आलं याचं तिलाच नवल वाटलं.

पंख तेवढे जोडायचे राहिले होते. दोन्ही मिळून सहा फूट, आणि टेबल तीन फुटी. टोकं दोन्हीकडून अधांतरी. मधल्या सांध्याला डिंक लावायचा, दोघांनी दोन टोकं सारखी चार बोटं उचलायची, आत दाबून धरायची. हलायचं नाही.

बाबांनी तिच्या हातात डावा पंख दिला. फासळ्यांवर अजून कागद चढवलेला नव्हता. तिची बोटं तिसऱ्या फासळीपाशी अडली. वाळलेल्या डिंकाचा हा एवढा गोळा. शेजारी पेन्सिलीने काढलेला गोलगरगरीत तीन.

"हा मी केलेला आहे."

"हो."

"तुमचा डावा कुठाय?"

"माळ्यावर."

ती पंख उलटासुलटा करून पाहत राहिली. "दोन डाव्या पंखांचं विमान," ती म्हणाली. "येईल त्या पाहुण्याला दाखवायचात. माझ्या लग्नात यांच्या काकांनासुद्धा सांगितलंत."

"हसायचे सगळे."

"हो. हसायचे."

बाबा डबीच्या झाकणात दोन ट्यूबांतला डिंक कालवत होते. आयुष्यभर कारखान्यात नकाशे काढलेला माणूस. समोर भिंतीवर विमानाचा नकाशा टाचलेला होता. त्यात पंख एकच काढला होता, डावा.

"'उजवा तू कर' म्हणालो तुला," ते झाकणाकडेच बघत म्हणाले. "त्यासाठी कागदाला तेल चोळायचं, रेघा पलीकडे दिसायला लागल्या की तो उलटा करायचा. हे सांगायचंच राहिलं. अकरा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? तू रेघ न् रेघ बरोबर केली होतीस."

तिने पंख तळहातावर तोलला. "जड आहे पण. केवढा डिंक ओतलाय मी."

"एकवीस ग्रॅम जास्त. मी उजवा नव्याने केला ना, तोही एकवीस ग्रॅम जड केलाय. नाहीतर एकीकडे कलंडलं असतं."

तिने आपला पंख टेबलावर ठेवला. तोवर बाबांनी सांध्याला डिंक लावला होता आणि घड्याळात पाच मिनिटांनंतरचा गजर लावला होता.

"धर. आता श्वाससुद्धा बेतानं घे."

दोघं दोन टोकांना उभे राहिले. एक मिनिट गेलं. पलीकडून आधी कुरकुर ऐकू आली. मग छोटीने भोकाडच पसरलं.

तिची मान दाराकडे वळली. हात तिने हलू दिले नाहीत.

"थांब गं!" ती ओरडली. "डिंक सुकतोय!"

बाबांनी मान वर केली. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. घड्याळ टिकटिकत होतं. पलीकडचं रडणं वाढत होतं.

"जा," बाबा म्हणाले.

"तीनच मिनिटं राहिलीत."

"तिला घड्याळ कळतं का? जा."

"वाकडं बसेल ना सगळं!"

"मी धरतो."

"दोन्ही टोकं? तुम्हाला काय चार हात आहेत?"

"जा म्हटलं ना, बाळा."

ती गेली.

छोटीला खांद्यावर थोपटत ती परत आली, तेव्हा बाबा तिच्या जागेवर उभे होते. डावं टोक दोन्ही हातांनी धरून, चार बोटं वर. पलीकडे त्यांचा उजवा पंख टेबलाच्या कडेवरून खाली झुकला होता, आणि तसाच घट्ट होत चालला होता.

"बाबा, तुमचा पडला."

"पाहिलं मी."

"आता हे उडायचं नाही."

"नाही." त्यांनी एक डोळा मिटून पंखाच्या कडेवरून नजर टाकली. "पण तुझा बघ. सरळ बसलाय."

गजर वाजला. छोटी दचकून आवाजाकडे बघायला लागली. घड्याळ बाबांच्या कोपरापाशीच होतं. त्यांनी ते बंद केलं नाही. पंख धरून तसेच उभे राहिले.