वेगळी ठेवलेली गोळी

मामाच्या बॅगेत चकल्या शोधताना मला चक्क पिस्तुलाची गोळी सापडली! “सॉलिड! खरी आहे?” नाशिकचा फौजदार मामा हसला. “गोळी रोज काढली-भरली की तिचं टोक आत दबतं, मग ऐनवेळी दगा देते. म्हणून ही वेगळी ठेवली होती. जमा करायची राहिली. आली बघ विमानातून इथवर!” आईने गॅस बंद केला. “दादा, सिंगापुरात एका गोळीलाही तुरुंग आहे.” “मी पोलीस आहे गं!” “तिकडे. इथे नाही.” “मी ईस्ट कोस्टला जाऊन समुद्रात फेकते, चिल लाह!” मी इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले. तेवढ्यात माझा भाऊ ओजस आला. इथल्या पोलिसांत सक्तीची नॅशनल सर्व्हिस करतो तो. गणवेशातच मामाच्या पाया पडायला वाकला. मामाने गोळी मुठीत लपवली, पण ओजसने पाहिली. तो सावकाश सरळ झाला. “मामा, मूठ उघड. हात टेबलावर ठेव.”