जास्तीचं पाणी

डॉक्टर हातमोजे घातलेले तसेच बाहेर आले आणि खिडकीतल्या झाडापुढे उभे राहिले. मॉन्स्टेराला नवं पान उलगडलं होतं. जेवणाच्या ताटाएवढं, कडांना खोल चिरा, मधे भोकं.

"हाताला गुण आहे हं तुझ्या," ते नव्या मुलीला म्हणाले.

काउंटरमागे काकू अपॉइंटमेंटच्या वहीत कुणाचं तरी नाव लिहीत होत्या. पेन तिथंच थांबलं.

झाड काकूंनी आणलं होतं. दातांचा हा दवाखाना उघडल्यापासून, म्हणजे गेली एकवीस वर्षं, त्या या काउंटरवर बसत होत्या. सात वर्षांपूर्वी बहिणीकडून दोन पानांची फांदी आणून त्यांनीच ती कुंडीत लावली होती. रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी. एवढं करून पानं यायची ती तळहाताएवढी, सपाट, एकही चीर नसलेली. सात वर्षांत डॉक्टरांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

नवी चार महिन्यांपूर्वी आली. काकूंच्या हाताखाली काम शिकायला. सहा महिने बघू, मग कायम करू, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. आल्या आल्या तिने चपलांच्या स्टँडमागची कुंडी उचलून खिडकीशी नेली. "काकू, याला उजेड हवा. आणि पाणी रोज नको हं, माती वरून सुकली की मगच." मातीत बोट खुपसून ती ओल बघायची. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मधे काठी रोवून तिने वेल सुतळीने अलगद बांधून घेतला, आणि सात वर्षं हातपाय आखडून बसलेलं झाड सुसाट वाढायला लागलं.

दाढ काढायला आलेली माणसंही आता झाडाकडे बघून दात काढायला लागली. "कुणी वाढवलं हो?" असं कुणी विचारलं की काकूंनी तोंड उघडायच्या आत दुसरं कुणीतरी नवीकडे बोट दाखवायचं. काकू तोंडदेखलं हसायच्या. पोटात मात्र दुखायचं, आणि ते दुखणं डॉक्टरांना दाखवता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी घरी भाजी चिरतानाही त्यांच्या डोक्यातून डॉक्टरांचं ते वाक्य जाईना. "मग माझ्या हाताला काय झालं होतं?" त्या मोठ्याने म्हणाल्या. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "काही नाही," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नवी मागच्या खोलीत उपकरणं धुवत होती. बाकावर कुणी नव्हतं. काकूंनी कुंडीत पाहिलं. माती काळी, ओलसर होती. त्यांनी तांब्या भरला, मुळाशी रिता केला आणि पुन्हा भरून ओतला. बऱ्याच दिवसांनी त्यांना डबा गोड लागला.

मग ते रोजचंच झालं.

तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली. नव्या पानाच्या कडा काळवंडल्या. मातीवर चिलटं उडायला लागली. नवीने पाणी घालणंच बंद केलं होतं, तरी माती सुकेना. ती बोट घालून बघायची आणि हात धुवायची.

शेवटी एका पेशंटने तोंडावरची चिलटं हाकलत तक्रार केली. डॉक्टर बाहेर आले.

"हे काय झालं झाडाला?"

काकूंनी वहीत मान घातली. याच घटकेची त्या वाट बघत होत्या.

नवीने एकदा काकूंकडे पाहिलं. "माझ्याकडून पाणी जास्त झालं, सर."

"एक झाड सांभाळता येत नाही, पेशंट काय सांभाळणार तू?" डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी टाकून दे ते. आणि कायम करायचं नंतर बघू."

काकूंना गार वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मुलीची ती नजर दिवसभर त्यांच्या मागे लागली. तिच्यात राग नव्हता, हेच त्यांना कळेना.

शेवटचा पेशंट गेल्यावर नवीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि झाड कुंडीतून उपसलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. धरली की हातातच यायची. शेंड्याकडचा एक तुकडा तिला बरा दिसला. तो कापून तिने बरणीतल्या पाण्यात उभा केला.

काकू पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या.

"तू तर पाणी बंद केलं होतंस," त्या म्हणाल्या. "मग तुझं चुकलं असं का सांगितलंस?"

मुलीने डॉक्टर होते त्या आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला पाणी घालताना मी दोनदा पाहिलंय. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. पाणी घातलेलं विसरून पुन्हा पुन्हा घालायची, आणि विचारलं की रडायची. म्हणून तुम्हाला विचारलं नाही. सरांना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरी बसवलं असतं." ती जरा घुटमळली. "तुमची अपॉइंटमेंटची वही मी रोज जाताना एकदा नजरेखालून घालते. अजून एकही चूक नाही सापडली. तुम्ही घाबरू नका. मी आहे."

काकू खाली बाकावर बसल्या. नुसतं "हो गं, हल्ली विसरायला होतं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुलगी ओल्या, मातीने भरलेल्या हातांनी त्यांच्यासमोर उकिडवी बसून होती, त्यांच्या तोंडाकडे काळजीने बघत.

"मी विसरत नाही गं," काकू म्हणाल्या. "माती ओली आहे ना, हे बघूनच घालायचे मी."