डाव्या हाताची खिडकी

“लाकडाला वाळवी लागते. ही ॲल्युमिनियमची सरकती खिडकीच घेऊ,” नवरा दुकानात म्हणाला.

“मग उजवा हात पाठीमागे ठेव आणि उघडून दाखव,” मी म्हटलं. खटका दाबून धरायचा आणि काच सरकवायची. एका हाताने त्याला ते जमेना. पक्षाघाताने त्याच्या वडिलांचा, अप्पांचा, उजवा हात लुळा पडल्याला आठ महिने झाले होते. त्यांच्या खोलीतली कुजून घट्ट बसलेली खिडकी उघडायला आणि लावायला दिवसातून वीसदा “सूनबाई!” अशी हाक यायची. मी धावायचे, आणि ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, “तुला उगाच त्रास.”

मग आम्ही सुताराला, वासू मेस्त्रींना, बोलावलं. त्यांनी आधी भिंतीचं माप घेतलं. मग अप्पांना खुर्चीत बसवून त्यांचा डावा हात सहज कुठवर पोचतो, तिथे पेन्सिलीने खूण केली. सागाची खिडकी बसली, तेव्हा बिजागऱ्यांची बाजू बदललेली होती आणि लाकडी खिटी बरोबर त्या खुणेवर होती.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते.

“सूनबाई!”

एवढं करूनही जमलं नाही वाटतं! पिठाच्या हातांनीच धावले.

खिडकी सताड उघडी होती.

“काम काही नाही,” अप्पा थेट माझ्याकडे बघत म्हणाले. “मीच उघडली. तेवढं बघायला बोलावलं.”