घाटमाथ्यावरचं गरम कालवण

पांढऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं काच जेमतेम चार बोटं खाली केली.

"पोलीस बघून गेलेत ना? मग आता तुझं काय?"

"पुढचा दिवा कुठे फुटला तुझा?" रादिसावनं विचारलं.

"महिना झाला त्याला. म्हाताऱ्या, डोकं नको खाऊस माझं. आधीच घाट बंद, त्यात तू!" काच वर गेली.

रादिसाव तिथेच उभा राहिला. कोटाच्या आत, काखेत, चाकं खोलायचा लोखंडी पाना होता. तो अंगाला बर्फासारखा लागत होता.

दुपारी याच घाटात त्याच्या नेनादला एका ट्रकनं उडवलं होतं, आणि थांबायची तसदीही घेतली नव्हती. पोरगं चरात, बर्फात, बराच वेळ जिवंत होतं असं डॉक्टर म्हणाले. कुणी उचललं असतं तर वाचलं असतं. एकुलता एक पोरगा. पुढे दरड कोसळून रस्ता बंद होता, मागे खाली पोलीस उभे होते. म्हणजे जो कोणी होता तो इथेच, घाटमाथ्यावर अडकलेल्या ट्रकांमध्ये होता. रादिसावला त्याचं तोंड बघायचं होतं. त्यानंतर काय करायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

"काका! अहो काका, इकडे या!"

रांगेच्या टोकाला, बंद खानावळीच्या भिंतीशी, लाकडं वाहणारा एक जुनाट ट्रक उभा होता. पुढे लांब नाक असलेला, रादिसावच्या जमान्यातला. बंपर इतका पिचलेला की नव्या पोच्याला जागाच नव्हती. चाकांखाली दगड, मागे लाल त्रिकोण. पोलीसच म्हणाले होते, त्याला सोडा, त्याचं इंजिन कालपासून मेलंय, मिस्त्रीची वाट बघतोय.

"या, वर या. मराल थंडीनं," ड्रायव्हर म्हणाला. चाळिशीचा, लाल डोळ्यांचा माणूस. "मी मिओद्राग. ऐकलं मी सगळं. दोन घास खाऊन घ्या."

"भूक नाही रे बाबा."

"अशा वेळी नसतेच हो. तरी खायचं."

रादिसाव वर चढला आणि पाना मांडीवर ठेवून बसला. आतही बाहेरइतकाच गारठा होता. काचा मात्र स्वच्छ होत्या, सगळे ट्रक दिसत होते. सीटच्या मधे छोटी गॅसची शेगडी होती. मिओद्रागनं पायाशी घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं काढलं. झाकण उघडताच वाफ उसळली. पांढऱ्या घेवड्याचं कालवण, आत धुरावलेल्या बरगड्या.

"शेगडीवर केलंस?"

"मग कशावर? सकाळपासून रटरटतंय. गाडी बंद पडलेली, दुसरा उद्योग काय!"

त्यानं दोन पेल्यांत राकिया, फळांची कडक दारू, ओतली. मेलेल्याच्या नावानं चार थेंब खाली सांडायचे असतात. मिओद्रागच्या हातून अर्धा पेला सांडला.

"देव त्याला शांती देवो," तो पुटपुटला. "किती वर्षांचा होता?"

"लग्न ठरलं होतं त्याचं." रादिसावनं एक घास घेतला. घेवडा लोण्यासारखा शिजला होता. "आमच्या वेळी हे इंजिनावर शिजायचं. ट्रक घेऊन बगदादला जायचो तेव्हा धुराच्या नळीला खेटून तारेनं पातेलं बांधायचं. घाट चढेपर्यंत घेवडा मऊ."

"आता कोण करतंय ते, काका! गेले ते दिवस."

खरंच गेले. घरी आल्यावर बायको, स्तानोयका, ते पातेलं घासायची आणि करवादायची. जगाची पातेली करपतात बुडाला, तुमचं मेलं एका कुशीला! माणूस वाकडा तर पातेलंही वाकडं! आणि इवलासा नेनाद मोरीत जाऊन तिच्या हातातून चमचा ओढायचा. ती करपलेली खरवड त्याला फार आवडायची.

रादिसावनं चमचा खाली ठेवला आणि तो हमसून हमसून रडला. मिओद्राग खिडकीबाहेर बघत बसला.

"काका," मग तो म्हणाला, "सांगू की नको असं झालंय. मी पाहिलं. तो पांढरा ट्रक. दुपारी पिसाटासारखा आला. उतरला आणि फडक्यानं पुढचा दिवा पुसत बसला."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"कोर्टाच्या चकरा कोण मारणार? त्यांचं काय, चार दिवस आत ठेवतील आणि सोडून देतील." त्याची नजर पान्यावर गेली. "मी बाप असतो ना, तर..."

रादिसावचे हात शांत झाले. दिवसभरात पहिल्यांदाच. नाव मिळालं नव्हतं, पण ट्रक मिळाला होता. समोर तो पांढऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आरशात बघून केस विंचरत होता. हरामखोर!

"जा काका. रस्ता उघडला की निसटेल तो. पोलिसांनी विचारलं तर मी काही पाहिलं नाही म्हणेन. खा तेवढं, संपवा आणि जा."

अन्न टाकून उठायची सवय रादिसावला नव्हती. त्यानं उरलेले घास संपवले आणि हाताच्या जुन्या सवयीनं, नेनादसाठी ठेवायचा तशी खरवड काढायला, पातेल्याच्या बुडात चमचा फिरवला.

बूड लख्ख होतं. खरवड नव्हतीच.

त्यानं पातेलं हळूच उजेडाकडे वळवलं. होती. एका कुशीला, वरपासून खालपर्यंत, काळीकुट्ट.

"काय झालं, काका?" मिओद्राग म्हणाला. "जा ना."

रादिसावनं पातेलं खाली ठेवलं, मांडीवरचा पाना हातात घेतला आणि दाराची कडी आतून लावली.