दोनशे बारावं मशीन

सव्वाएक वाजला आणि साजगावच्या गेटवरचं मशीन पुन्हा लाल झालं.

दीप्ती खालापूरच्या ऑफिसात पडद्यासमोर टपूनच बसली होती. रसायनीचा कारखाना, साजगावचा कारखाना आणि हे ऑफिस मिळून कंपनीचे दोनशे बारा कॉम्प्युटर. सगळ्यांची सेटिंग एकसारखी ठेवायची आणि एकानेही वाकडं पाऊल टाकलं तर त्याला पकडायचं, हे तिचं काम. जानेवारीत तिने नवी यंत्रणा बसवली तेव्हापासून सगळी मशीनं एका जागेवरून दिसत होती. दोनशे अकरा हिरवी. एक हट्टी.

बाहेरच्यांना आत शिरू न देणारी त्या मशीनची फायरवॉल रोज सव्वाएकला कुणीतरी बंद करत होतं. पाऊण तासाने दीप्तीची यंत्रणा ती परत चालू करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘काटा’ नावाचं एक जुनं खातं त्या मशीनवर राहून गेलं होतं, त्यातून हा उद्योग चालायचा. खातं बंद करणं दोन मिनिटांचं काम होतं, पण दीप्तीला चोर मुद्देमालासकट हवा होता.

सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस येणार होते. एक जरी मशीन लाल दिसलं तर ऑर्डर गेली आणि दीप्तीचं नाक कापलं गेलं.

“कोण असेल?” मॅनेजर विपुलसरांनी विचारलं.

“उद्या दुपारी नाव देते, सर.”

“आणि मग?”

“मग नियम.”

नियमही तिचाच होता. ‘मुद्दाम सेटिंग बदलणारा त्याच दिवशी घरी जाईल. अपवाद नाही.’ खाली हिरव्या शाईत सही. हा हिरव्या शाईचा थाट ती ट्रेनी असल्यापासूनचा. तेव्हा लोक हसायचे. आता ती सही दिसली की खुर्चीतली माणसं सावरून बसायची.

शुक्रवारी एक वाजता ती न कळवता साजगावला पोचली आणि वजनकाट्याच्या केबिनबाहेर उभी राहिली. आत सफुराआपा जेवत होती. गेली बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक टँकरचं वजन तीच नोंदवायची. तिने हात धुतले, डबा बंद केला, कीबोर्डवरचं विणलेलं झाकण उचललं, चष्मा लावला. मग गॅसवर दूध ठेवावं तितक्या सहज चार बटणं दाबली.

दीप्तीच्या हातातला फोन थरथरला. लाल.

तिला मनापासून वाईट वाटलं. नऊ वर्षांपूर्वी ती याच केबिनमध्ये सहा महिने शिकाऊ होती आणि आपाच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीवरच तिने ते सहा महिने काढले होते. पण वाईट वाटणं वेगळं आणि नियम वेगळा. ती आत गेली.

“आपा, हे काय केलंत?”

“रोज करते तेच. का गं, काय झालं?”

दीप्तीने समजावून सांगितलं. फायरवॉल बंद असताना बाहेरचा कुणीही आत शिरून वजनाचे आकडे बदलू शकतो. मग तिने नियमाचा कागद वाचून दाखवला.

आपाने चष्मा काढला. “म्हंजे ज्यानं केलं तो घरी.”

“हो.”

“आनि त्याला कुनी सांगितलं असंल तर?”

“सांगणारा आधी. मग तो केवढाही मोठा असो.”

“त्याची नोकरी जाईल?”

“जाईलच.”

बाहेर एका टँकरने हॉर्न दिला. आपाने खिडकीतून त्याला थांबायची खूण केली.

“मग माजंच नाव लिव. कुनी नाय सांगितलं.”

दीप्ती एवढ्यावर फसणारी नव्हती. आपाचा दीर अदनान टँकर चालवायचा आणि त्याची फेरी दीडच्या सुमारास यायची. “अदनानच्या टँकरचं वजन बदलता यावं म्हणून करता ना हे?”

“त्याला यात वडू नको गं. त्याला मशीनमदलं काय कळतंय?”

“आपा, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या. खरं सांगितलंत तर मी...”

“तर काय? अपवाद करशील?”

दीप्तीने पर्समधून बडतर्फीचं पत्र काढलं.

“नकोच करू. बरं दिसत नाय ते. आन तो कागद.”

दीप्तीने पत्र पुढे केलं आणि स्वतःचं पेन दिलं. आपाने ते उलटसुलट करून पाहिलं. “अजून हिरवंच पेन हाय गं तुजं,” ती म्हणाली आणि सही केली.

दारातून ती मागे वळली. “जेवलीस का?”

“जेवेन नंतर.”

“अर्धी भाकरी हाय कपाटात. खा.”

वॉचमन आपाला गेटबाहेर सोडून आला. दीप्तीने ‘काटा’ खातं कायमचं बंद केलं, फायरवॉल चालू केली. फोनवरचा शेवटचा ठिपका हिरवा झाला.

“दोनशे बारा, सर,” तिने विपुलसरांना कळवलं. “सोमवारी बिनधास्त येऊ देत त्यांना.”

“शाब्बास. कोण होतं?”

“काट्यावरची सफुरा. दिराला वाचवायला बघत होती. पत्र दिलं, सही घेतली.”

“कुणालाच सोडत नाहीस तू,” ते हसले.

आता फक्त कीबोर्डचा नंबर रजिस्टरात चढवायचा राहिला होता. दीप्तीने पेनचं टोपण उघडलं आणि कीबोर्ड उलटा केला.

नंबरच्या शेजारी, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली, हिरव्या शाईतल्या चार ओळी होत्या.

‘आपा, वजनं ऑफिसला पोचत नाहीत म्हणून रोज सव्वाएकला ‘काटा’ खात्यातून फायरवॉल बंद करायची. मी पुरे म्हणेपर्यंत एक दिवसही चुकवू नका. कुणी विचारलं तर बिनधास्त माझं नाव सांगा. दीप्ती.’