गुरुजींवरचा पहारा

ताट पुन्हा जसंच्या तसं परत आलं.

आचाऱ्याने झाकण उचलून पाहिलं. भाताला चमचाही लागला नव्हता. त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारे छावणीत पुष्कळ होते, पण ते आधी ताट चाटूनपुसून साफ करत आणि मग नावं ठेवत. न जेवता गप्प बसणारा हा पहिलाच.

"गुरुजी भिंतीकडे बघत बसलेत," ताट आणणारा ड्रायव्हर म्हणाला. "माझ्याच्यानं आता होत नाही म्हणाले. बदली मागून घेणार."

गुरुजींना पलटणीत येऊन जेमतेम महिना झाला होता. ते पलटणीचे धर्मगुरू, काम सगळ्या धर्मांच्या जवानांचं. त्यांच्या खोलीत सगळ्यांचे ग्रंथ एकाच फळीवर शेजारी शेजारी नांदत होते. भांडण ऐकू आलं नव्हतं. कुणी कुठल्या दिशेला तोंड करायचं, कुठे जोडे काढायचे नि कुठे टोपी, कुणाला निरोप देताना कोणते शब्द म्हणायचे, सगळं त्यांना पाठ. अडचण एवढीच, की त्यांच्याकडे कुणी जात नव्हतं. ते ज्या धर्मात जन्मले त्या धर्माचे जवान म्हणत, ते आता सगळ्यांचे झाले, आपले कुठले राहिले? बाकीचे म्हणत, कितीही झालं तरी ते त्यांचेच.

आचारी तर तिकडे फिरकलाच नव्हता. त्याचा देव वेगळा, आणि दुःख कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ याच पलटणीत होता. पुढच्या चौकीवर शिधा पोचवायला जायचं होतं आचाऱ्याला. तो तापाने फणफणला म्हणून भाऊ गेला. तो परत आला नाही. तेव्हापासून आचारी रजेवर घरी गेला नव्हता. आईचा फोन आला की 'दूध उतू जातंय' म्हणून ठेवून द्यायचा. छावणीत तेवढं दूध कधी आलंच नव्हतं.

"माणूस वाईट नाही," कंपाउंडर म्हणाला. "रिकामा बसून खचलाय. काम द्या, सावरेल."

पलटणीला कुठल्याही संकटावर एकच औषध ठाऊक होतं: ड्यूटी लावणे. रोज संध्याकाळी एकाने गुरुजींकडे जायचं आणि आपलं दुःख सांगायचं.

"आणि दुःख नसलं तर?" बिगूलवाल्याने विचारलं.

"उसनं आण. पण रडवेलं तोंड करून जा."

बिगूलवाल्याने पहिल्याच दिवशी सासू मारली. ती धडधाकट बाई होती, पण पलटणीच्या हितापुढे इलाज नव्हता. तो पाच मिनिटांत परतेल असं सगळे धरून होते. तो दिवे लागल्यावर आला, डोळे लाल.

"काय रे, सासूसाठी एवढं?"

"सासूचं सांगायला गेलो आणि निघालं भलतंच."

"म्हणजे काय निघालं?"

"तू तुझे कांदे चीर."

ड्रायव्हरचंही तेच झालं. कंपाउंडर तर परत आल्यावर कुणाशी न बोलता घरी फोन लावत बसला. मात्र ड्यूटी लागू पडली होती. गुरुजींचं ताट आता अर्धं रिकामं येऊ लागलं.

मग आचाऱ्याचा नंबर आला. त्याने एक काका तयार ठेवला होता, झाडावरून पडून गेलेला.

गुरुजी खुर्चीत मिटून बसले होते. चेहरा ओढलेला. आचाऱ्याने काका झाडावरून पडून गेल्याचं सांगून टाकलं.

"काका झाडावर काय करत होते?" गुरुजींनी हळूच विचारलं.

आचाऱ्याने याची तयारी केली नव्हती.

"काका नव्हता, गुरुजी," तो म्हणाला. "भाऊ होता."

आणि मग सगळंच बाहेर आलं. ताप उतरला, कडकडून भूक लागली, तो पोटभर जेवला. त्याच वेळी तिकडे भाऊ पडला होता. ते जेवण अजून खाली उतरलेलं नाही.

गुरुजींनी देवाचं नाव काढलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसते ऐकत होते.

"आई काय म्हणते?"

"काही नाही. जेवलास का, एवढंच विचारते."

गुरुजी पुन्हा भिंतीकडे बघू लागले. "माझं एक काम कराल? अशा आईसमोर जाऊन काय बोलायचं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर हे काम सोडावंसं वाटतं. तुम्ही जाऊन या आणि मला सांगा. तोवर मी बदलीचं थांबवतो."

स्वतःसाठी आचारी कधीच गेला नसता. पण माणूस अडला होता. त्याने रजा टाकली.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर दुसऱ्या एका पलटणीचा जवान बसला होता. पलटणीची चौकशी झाली आणि तो एकदम सरसावून बसला.

"म्हणजे आमचे गुरुजी तुमच्याकडे आलेत. कसे आहेत?"

"आता बरे आहेत. मध्यंतरी फार खचले होते. अन्नच सोडलं होतं."

"पुन्हा?" जवान हळहळला. "आमच्याकडेही तसंच. आम्ही आळीपाळीने जाऊन बसायचो, तेव्हा कुठे सावरले. मी तर त्यांच्यासाठी माझ्या मुलीचं सांगितलं. बायकोशीसुद्धा कधी बोललो नव्हतो."

"आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर बदली घेतली?" आचाऱ्याने विचारलं.

"मनाने फार हळवे हो," जवान म्हणाला. "आमच्या आधीच्या पलटणीनेही त्यांना असंच सावरून आमच्याकडे धाडलं होतं."