धुरासाठी फांद्या

मुलगी ॲलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळात बाळंतपणाला गेली होती आणि माझा फोन नेमका बंद पडला होता. सकाळपासून मी दारातल्या एमूच्या झुडपाला तीनदा पाणी घातलं.

"बुडवून मारशील त्याला," शेजारीण म्हणाली.

खरंच होतं. ते माळावरचं झुडूप. फांदी रोवली की जगतं, लाड केले की कुजतं. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या पानांचा धूर आम्ही ऑस्ट्रेलियातले आदिवासी बाळ-बाळंतिणीला देतो, आणि माणूस गेलं की त्याच्या घरालाही.

दुपारी माझी थोरली बहीण कोरली इस्पितळातून आली. "नात झाली तुला. चांगली गुटगुटीत आहे."

मी मुलीचं नाव घेऊन विचारलं, "ती कशी आहे?"

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "ते नाव घेऊ नकोस आता."

आमच्यात गेलेल्याचं नाव कुणी उच्चारत नाही. मी झुडपाकडे गेले आणि फांद्या मोडत सुटले. आधी बाळापुरत्या, मग अख्ख्या घरासाठी.

"अगं वेडे, थांब!" कोरली धावत आली. "पलीकडच्या वस्तीतली म्हातारी गेली सकाळी. तिचंही तेच नाव होतं ना!" तिनं स्वतःचा फोन लावून माझ्या कानाला धरला.

"आई, फांद्या तोडून ठेवल्यास का गं?"

नाव ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"तोडल्या, पोरी. जरा जास्तच तोडल्या."